तंबोरा घरी आणताना

प्रवासाला निघताना सामान थोडे असावे, हा उपदेश मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि निबंधाच्या तासाला विद्यार्थ्यांना केलाही आहे. आमच्या घरात मात्र तो कोणी मनावर घेतलेला मला आठवत नाही. आजोबा फिरकीच्या तांब्याशिवाय घराबाहेर पडत नसत. वडिलांची वळकटी इतकी फुगलेली असे की, ती पाहून हमाल आधी दर वाढवीत आणि मग नमस्कार करीत. आमच्या सौभाग्यवतींच्या बरोबर चिवड्याचा डबा असतो. तो तर प्रवासात घरच्या माणसासारखाच वागवावा लागतो. पण हे सगळे सामान कितीही झाले तरी सभ्य असते. त्याला कोपरे असतात, कडी असते. बाकाखाली सरकवले की मुक्कामापर्यंत ते गप्प पडून राहते. सामानाची दुसरीही एक जात आहे. ती लांबलचक असते, एका टोकाला गरगरीत आणि दुसऱ्या टोकाला सडपातळ असते. बाकाखाली मावत नाही, भिंतीला टेकवून ठेवावी तर घसरते, आणि तिला धक्का लागून जे मोडते ते बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशा सामानाला घेऊन मी मिरजेहून वर्ध्याला आलो. सामान म्हणजे माझ्या आईचा तंबोरा.

आम्ही बोरगाव मेघेला राहतो. वर्ध्याच्या अंगाला सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशी मेघे-मंडळी आहेत, त्यांतलेच हे एक. वर्धा कोठे संपले आणि बोरगाव कोठे सुरू झाले, हे आता फक्त टपालवाल्याला कळत असावे. नावात मेघ असला तरी मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो, आणि भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी लागते. मी येथे नोकरीसाठी आलो आणि येथलाच झालो. आई मात्र सांगलीची. कृष्णाकाठी जन्मलेली, तेथेच मुलींना गाणे शिकवण्यात तिचे आयुष्य गेले.

तिच्या तंबोऱ्याची कथा आमच्या घरात पुराणासारखी सांगितली जाते. १९७१ साली ती गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा उत्तीर्ण झाली, तेव्हा माझ्या आजोबांनी तो मिरजेत करवून घेतला. आजोबा हळदीच्या पेठेत कारकून होते. तंबोऱ्याचे पैसे त्यांनी वर्षभर थोडेथोडे करून कारागिराकडे भरले होते. तंबोरा तयार झाल्यावर तो आणायचा कसा, हा प्रश्न आला. मिरज ते सांगली दहा-अकरा किलोमीटरचा रस्ता. टांगा होता, एस. टी. होती. आजोबांनी दोन्हींकडे एकदा पाहिले, तंबोरा खांद्याशी धरला आणि चालू लागले. तीन तास लागले म्हणतात. वाटेत एका बाईने त्यांना गोसावी समजून पसाभर ज्वारी द्यायला काढली. आजोबांनी ती नम्रपणे घेतली, कारण हात जोडून 'नको' म्हणायला हात मोकळे नव्हते! ज्वारीचा हा भाग आईने रंगवलेला असावा, असा माझा संशय आहे. पण चालत आणल्याचा भाग खरा.

आजोबांच्या नातवाने काय केले तेही सांगितले पाहिजे. वडील गेल्यानंतर, २०१७ साली मी आईला बोरगावला आणले. सांगलीचे बिऱ्हाड आवरताना ती म्हणाली, "तंबोरा मी गाडीतून मांडीवर घेऊन येते." मी म्हणालो, "आई, कशाला उगाच? ट्रकमध्ये गाद्यांच्या मधे ठेवू. पिसासारखा येईल." त्या वेळी मला चौदा कामे होती आणि मी भराभर बोलत होतो. गाद्यांच्या मधे तंबोरा ठेवला तोही मीच. ट्रक पाच दिवसांनी आला. वाटेत कोठेतरी सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरले होते आणि गाद्यांच्या जागी लोखंडी कपाट आले होते. खोळ काढली तेव्हा भोपळ्याला वरपासून खालपर्यंत, हाताचे बोट आत जाईल अशी चीर गेली होती.

आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तिने खोळ पुन्हा चढवली, नाडी बांधली आणि तंबोरा देवघराच्या कोपऱ्यात उभा केला. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचे तिचे गाणे थांबले. मी वीजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आणून दिली. ती तिने चार दिवस लावली आणि म्हणाली, "चांगली आहे रे. पण ही माझं ऐकत नाही." मग मोबाईलमध्येही मी तंबोरा घालून दिला. त्यावर मध्येच कोणाचा तरी फोन येई आणि षड्जाच्या जागी आमच्या भाच्याचे लग्न ठरल्याची बातमी ऐकू येई. तोही प्रयोग संपला. सात वर्षे तो तंबोरा कोपऱ्यात उभा होता आणि रोज सकाळी देवाला फूल वाहताना मला त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे लागे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपूरच्या संत्र्यांना आहे, पैठणीला आहे, तसे. मी ती आईला वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला आणि विचारले, "म्हणजे ते लोक आहेत अजून?" एवढेच. मी त्याच रात्री मे महिन्याची तिकिटे काढली.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आम्हा वर्धेकरांना मिरजेशी जोडते. पंचगंगेकडून निघालेली ही गाडी पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असे करीत, एकदाही राज्याची शीव न ओलांडता, पार वैनगंगेच्या मुलखात जाते. मिरज ते वर्धा हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. जाताना मला काहीच काळजी नव्हती. तंबोरा आडवा पडला, उभा राहिला, त्याच्यावर कोणाची तरी पिशवीही पडली. मोडलेली वस्तू नेताना माणूस किती निर्धास्त असतो!

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाऊल टाकले की पहिल्यांदा वास येतो, लाखेचा आणि ओल्या लाकडाचा. मग दिसतात भोपळे. छताला टांगलेले, भिंतीशी रचलेले. हे आपल्या भाजीचे भोपळे नव्हेत. कडू जातीचे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला मुद्दाम पिकवतात. ते वेलावर पक्व होऊ देतात, वाळवतात, मग पाण्यात भिजवून तोंड कापतात आणि आकार धरेपर्यंत सांभाळतात. दांडी तुणीच्या लाकडाची. हा धंदा येथे शिकलगारांच्या हाती आला, ही मौजेची गोष्ट आहे. शिकलगार म्हणजे तलवारींना धार देणारे लोक. इंग्रजी अमलात तलवारी म्यानात गेल्या, धारेचे काम बसले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाणे-बजावणे भरपूर होते. तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे ती करूही लागले. आज त्याच परंपरेतली घराणी येथे सतारमेकर म्हणून ओळखली जातात. पोलादावर चालणारा हात भोपळ्यावर चालू लागला. मला वाटते, हात हलका ठेवण्याची विद्या दोन्हीकडे एकच असावी.

माझ्या ओळखीचे कोणीच नव्हते. ज्या दुकानात शिरलो तेथल्या वृद्ध कारागिरांना सगळे चाचा म्हणत होते, मीही म्हटले. चाचांनी तंबोरा हातात घेतला, बोटाच्या पेराने भोपळ्यावर चारपाच ठिकाणी टिचकी मारली आणि कान लावला. डॉक्टर छाती तपासतो तसे. मग म्हणाले, "नवा भोपळा बसवला तर आठवड्यात देतो. पण आवाज नवा येणार. हाच सांधायचा तर तबकडी काढून आतून पट्ट्या लावाव्या लागतील. वेळ लागंल. कुणाचा हाय?"

"आईचा. १९७१ चा."

"मग सांधूया," चाचा म्हणाले. "दिवाळीला या. पावसाळ्यात पॉलिश धरत न्हाई."

दिवाळीला गेलो. भाऊबीज उरकून निघालो होतो. चाचांनी तंबोरा काढून दाखवला, तेव्हा चीर शोधावी लागली. बारीक रेघ राहिली होती, कपाळावर जुन्या जखमेची राहते तशी. त्यांनी तारा चढवल्या आणि छेडल्या. मला गाण्यातले फार कळत नाही; पण आईच्या पहाटेच्या गाण्याने ज्याची झोप मोडे त्या मुलाला तो आवाज ओळखू आला. मी पाकिटातून पैसे काढीपर्यंत जरा वेळ लागला.

मग चाचांनी बांधाबांध सुरू केली आणि माझ्या लक्षात आले की, खरी परीक्षा आता आहे. त्यांनी खुंट्या फिरवून तारा ढिल्या केल्या, पण पार सोडल्या नाहीत. "ताणलेला तंबोरा धक्का सोसत न्हाई," ते म्हणाले, "आणि पार सोडला तर घोडी जाग्यावर ऱ्हात न्हाई." मणी त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातले. घोडीवर मऊ कापड बांधले. दांडी आणि भोपळा यांचा जोड असतो त्या गळ्याभोवती जुन्या धोतराचा पट्टा गुंडाळला. भोपळा जितका पातळ तितका आवाज खुला, आणि जितका आवाज खुला तितका तो ठिसूळ. आणि सगळे मोडते ते गळ्याशी. तंबोरा आडवा ठेवायचा तर दांडीखाली उशी हवी, नाहीतर सारा भार भोपळ्यावर येतो. हे सगळे त्यांनी मला दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून वदवून घेतले. बावीस वर्षे मी वर्गात हेच करीत आलो आहे; बाकावर बसून ते करवून घेताना कसे वाटते ते त्या दिवशी कळले.

गाडीला अवकाश होता. मिरजेच्या फलाटावर तंबोरा शेजारी घेऊन बसलो असताना मला अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण झाली. मिरज हे त्यांचे घर. तंबोरा लावावा तर त्यांनी, असे जाणते म्हणत. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासेकडून पाँडिचेरीला आगगाडीने निघाले असता वाटेत अस्वस्थ वाटू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. सांगतात की, फलाटावरच बिछाना घातला, तंबोरा लावून घेतला, आळवणी केली आणि तेथेच प्राण सोडला. मिरजेच्या दर्ग्याजवळ त्यांचे दफन झाले. खाँसाहेब थोर खरेच. पण त्या फलाटावर बसून माझ्या मनात आला तो विचार अगदी संसारी होता. त्यांचा तो तंबोरा पुढे मिरजेपर्यंत कोणी आणला असेल? आणि कसा?

आता एक कबुली. मी दोन तिकिटे काढली होती. दुसरे सौभाग्यवतींचे. ती यायचीच होती. पण ऐन वेळी माहेरी पाहुणे आले आणि ती राहिली. तिचे तिकीट मी रद्द केले नाही. खालचा बर्थ तिचा, मधला माझा. खालच्या बर्थवर मी तंबोरा निजवला, दांडीखाली उशी दिली, वर चादर घातली. पुण्यापर्यंत कोणी काही विचारले नाही. चहावाल्याने तेवढा आवाज हळू केला. त्याला कोणी आजारी माणूस वाटला असावा.

पुण्याला रात्र झाली. समोरच्या खालच्या बर्थवर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले आणि त्यांच्या मागून हमालाच्या डोक्यावर एक अजब वस्तू आली. जाड कॅनव्हासची, साडेचार-पाच फूट लांबीची, एका टोकाला फुगीर. मी ती पाहिली, त्यांनी चादरीखालचा माझा प्रवासी पाहिला आणि आमची ओळख न बोलता झाली.

"सतार?" त्यांनी विचारले.

"तंबोरा. आणि आपलं?"

"गोल्फच्या काठ्या."

ते निवृत्त कर्नल होते. कामठीच्या छावणीत जुन्या पलटणीच्या मंडळींचा मेळावा होता, तेथे चालले होते. गोल्फ हा खेळ मी फक्त चित्रपटात, श्रीमंत सासऱ्याला खेळताना पाहिलेला. हिंदुस्थानात तो चांगला जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटनच्या बाहेरचा सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. एका लहान चेंडूला एका लहान खड्ड्यात घालण्यासाठी किती काठ्या लागाव्यात? कर्नलसाहेबांनी सांगितले, चौदा. त्याहून जास्त बाळगायच्या नाहीत, असा १९३८-३९ पासूनचा नियम आहे. त्याआधी काही खेळाडू वीसवीस-पंचवीस काठ्या नेत असत, आणि त्या वाहून नेणाऱ्या पोराची पाठ मोडे. प्रत्येक काठीचे डोके वेगळे, लांबी वेगळी, काम वेगळे. मी म्हटले, "म्हणजे आमच्या संधीच्या नियमांसारखंच." ते हसले, पण त्यांना संधी आठवले नसावेत.

एवढ्यात तिकीट तपासनीस आला. यादीवर बोट ठेवून म्हणाला, "या खालच्या बर्थचे प्रवासी?"

मी म्हणालो, "आलेल्या नाहीत."

"मग हे कोण?" त्याने चादरीकडे पाहिले. चादर वर उचलली आणि काही क्षण पाहतच राहिला. बिचारा चांगला माणूस होता. म्हणाला, "सर, रिकामा बर्थ मला द्यावा लागतो. आरएसीवाले बसून आहेत." त्याच्या मागे एक तरुण मुलगी उभी होती, कडेवर पाचसहा महिन्यांचे मूल, शेगावला जाणारी. आता काय बोलणार? नियम त्याच्या बाजूला होता आणि मूलही त्याच्याच बाजूला होते. शिवाय डब्यात किती लांब-रुंद सामान चालते याचेही नियम आहेत, आणि तंबोरा कोठल्याच नियमात बसत नाही, हे मला चांगले ठाऊक होते. मी तंबोरा उचलला.

मधल्या बर्थवर माझ्याबरोबर त्याला नेऊन पाहिले. भोपळा आणि वरचा बर्थ यांच्यात चार बोटे अंतर राहिले आणि मी अर्धा बाहेर लोंबकळू लागलो. कर्नलसाहेब हे सगळे शांतपणे पाहत होते. त्यांच्या बर्थवर भिंतीच्या कडेला ती कॅनव्हासची थैली होती. त्यांनी ती उचलली आणि दोन्ही बर्थांच्या मधे, खाली जमिनीवर आडवी टाकली. अगदी वळकटी टाकावी तशी.

"द्या इकडे. भिंतीच्या बाजूला राहील. मी कडेला झोपतो."

"अहो, पण तुमच्या काठ्या! रात्री कोणाचा पाय पडला तर?"

"पडू दे," ते म्हणाले, आणि थैलीची चेन थोडी उघडून त्यांनी मला आतला कारभार दाखवला. प्रत्येक काठीच्या डोक्याला मोजा घातलेला. काठ्यांच्या मधे टॉवेल, सदरे, एक स्वेटर. सर्वांत मोठ्या काठीचे डोके तर जागेवर नव्हतेच. आता ती स्क्रूने बसवतात, म्हणून ते काढून त्यांनी हातातल्या बॅगेत कपड्यांत ठेवले होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक साधी बांबूची लाठी होती, वरच्या टोकाला फडके गुंडाळलेली. तिला ना डोके, ना मोजा.

"ही कशाने खेळायची?"

"खेळायची नाही. ही सगळ्यात लांब आहे. थैली डोक्यावर आपटली तर पहिला मार हिला बसतो. बाकीच्यांपर्यंत पोचत नाही."

वीस वर्षांपूर्वी विमानाने जाताना त्यांच्या सर्वांत आवडत्या काठीची मान तुटली होती. "नेहमी मानच तुटते," ते म्हणाले. "जिथं डोकं आणि दांडा जोडलेला असतो तिथं." मला एकदम चाचांचा धोतराचा पट्टा आठवला. ती काठी त्यांना त्यांच्या पहिल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने निवृत्त होताना दिली होती. थैलीवर 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी होती. "चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका, प्रोफेसर. ज्याला चिठ्ठी वाचायला सवड असते तो सामान फेकायच्या कामावर नसतो. सामान फेकलं जाणार, हे धरूनच बांधायचं." अशा काठ्यांसाठी आता कडक कवचाच्या पेट्या मिळतात, तशा तंबोऱ्यालाही मिळतात, हे मला ठाऊक होते. पण त्या पेटीसह तंबोरा माझ्या बर्थवर काय, आमच्या देवघरातही मावला नसता.

मी त्यांना ट्रकची हकीकत सांगितली. आजवर कोणाला सांगितली नव्हती. सौभाग्यवतींना ठाऊक होती, कारण ती घरातच होती. कर्नलसाहेबांनी मला धीर दिला नाही की दोषही दिला नाही. "कपाट वर आलं," एवढेच म्हणाले, आणि पायांतले बूट काढून नीट जोडीने ठेवले.

मग त्यांनी तंबोरा भिंतीशी घेतला, दांडीखाली स्वतःची उशी दिली आणि पाठ तंबोऱ्याकडे करून, एवढ्याशा कडेवर, सहा फुटांचे शरीर लष्करी शिस्तीत आडवे केले. "बर्फात याहून अरुंद जागेत झोपलोय." दोन मिनिटांत त्यांना झोप लागली. मला लागली नाही. मी मधल्या बर्थवरून मान खाली काढून पाहत राहिलो. निळसर दिव्यात चादरीखालचे ते दोन आकार सारखेच संथ हलत होते. खाली ती मुलगी मुलाला थोपटत होती. मूल मध्येच रडे, गाडी रुळांचे सांधे मोजीत जाई.

नगरला कोणीतरी अंधारात चढले आणि थैलीवर भक्कम पाय देऊन, अडखळून, शिवी हासडून पुढे गेले. मी धडपडून उठलो. कर्नलसाहेबांनी डोळेही उघडले नाहीत. "लांब काठी आहे," ते म्हणाले आणि पुन्हा घोरू लागले.

मनमाडला उजाडले. भुसावळला केळी घेतली. शेगावला ती मुलगी उतरली. उतरताना तिने तंबोऱ्याला हात लावून तो कपाळाशी नेला. तिला त्यात काय वाटले कोण जाणे, मी विचारले नाही. बडनेऱ्यापासून कपाशीची शेते दिसू लागली, बोंडे फुटून पांढरी झालेली. मला मुलूख ओळखीचा वाटू लागला तशी उलट धास्ती वाढू लागली. हजार किलोमीटर आलो ते जाऊ द्या. स्टेशन ते बोरगाव हे शेवटचे तीन-चार किलोमीटर अजून व्हायचे होते, आणि त्या वर्षी पावसाने रस्त्याचे काय केले होते ते मला पाठ होते.

वर्धा जवळ आल्यावर कर्नलसाहेबांनी थैली उघडली, बांबू बाहेर काढला आणि थैलीचा पट्टा सोडून तो तंबोऱ्याच्या दांडीला मागून बांधला. फडक्याचे टोक खुंट्यांच्या वर वीतभर राहील असे. मी नको नको म्हणत होतो.

"मला नागपूर आता आलंच. मुलगा मोटार घेऊन येतोय."

"पण ही परत कशी पाठवू? आपला पत्ता..."

"बांबूला कसला पत्ता? उतरा, गाडी फार थांबत नाही."

रिक्षावाला ओळखीचा निघाला. तो चारी बाजूंनी पाहून म्हणाला, "हे काय आणलं जी सर? एवढा मोठा भोपळा! भाजी कित्येक दिवस पुरन." मी त्याला सावकाश चालवायला सांगितले. तो 'हौ जी' म्हणाला आणि नेहमीसारखाच चालवू लागला. बोरगावच्या वळणावर एक खड्डा आहे. त्याला आम्ही सगळे ओळखतो आणि तोही आम्हाला ओळखतो. रिक्षा त्यात गेली, वर उडाली, आणि माझ्या कानाशी खट् असा आवाज झाला. टपाचा लोखंडी गज आणि बांबू. बांबूवरचे फडके फाटले होते. खुंट्या त्याच्या वीतभर खाली, जशाच्या तशा.

आई दारातच उभी होती. तिने मला पाणीसुद्धा विचारले नाही, हे मी वाईट वाटून सांगत नाही. देवघरासमोर सतरंजी आधीच घातलेली होती. तिने नाड्या सोडल्या, धोतराचा पट्टा उलगडून बाजूला घडी करून ठेवला. भोपळ्यावरून हात फिरवला. रेघेपाशी आल्यावर बोट थांबले, रेघेवरून शेवटपर्यंत गेले, आणि परत फिरले. मग मी खिशातून मणी काढून दिले आणि ती तारा चढवू लागली. पंचम झाला. जोड लावताना सुरात आली की खुंटी हळूच सरके आणि तार उतरे. पुन्हा लावी, पुन्हा उतरे. बाहत्तर वर्षांच्या मनगटात जोर किती असणार? मी पुढे झालो, तशी तिने मला डोळ्यांनीच मागे बसवले.

"खुंटी गुळगुळीत झालीय," ती म्हणाली. "जरा खडू लावावा लागेल. आहे का रे घरात?"

प्राध्यापकाच्या खिशात काय असते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर फारसे भरघोस नाही. मी कोटाचा खिसा चाचपला. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाचा अर्धा तुकडा त्यात होता.